एकट्यानं पाहिलेला तणमोर

लिंबाजीमामा गेले तेव्हा आमच्या निसर्गमंडळाच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. शबाना टीचरचा फोन होता. "जाधवभाई, तुम्हीच लिहा. उनको आपसे ज्यादा कौन जानता था?" ती शाळेत शिकवते, मंडळाचा अंक काढते आणि तिला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. मी बसलो आणि लिहिलं. गोड लिहिलं. अंक निघाल्यावर चारपाच जणांचे फोन आले, एकाने तर वाचताना डोळे भरून आल्याचं सांगितलं. ती पानं मला आता बघवत नाहीत. त्यांत एकही वाक्य खोटं नाही, पण जे लिहायला हवं होतं तेवढं बरोबर वगळलेलं आहे. हे उरलेलं आहे.

लिंबाजी शिंगाडे आमच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा आसपासच्या गावांतल्या कितीतरी माणसांना तिथे अशा नोकऱ्या लागल्या, त्यांतलेच ते एक. घरची मेंढरं धाकट्या भावाकडे सोपवून ते गणवेशात आले. माणूस उंच, वाळलेला, गणवेश मात्र एका मापाने मोठा, त्यामुळे वारा सुटला की मामा जागच्या जागी फडफडायचे. पायात चामड्याच्या वहाणा. कंपनीने दिलेले काळे बूट केबिनमध्ये खुर्चीखाली ठेवलेले असत, रोज पुसलेले, चकचकीत. साहेबांची गाडी वळणावर दिसली की मामा बुटांत पाय घालत आणि गाडी आत गेली की काढत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बुटात पायाला जमीन कळत नाय. आन् जमीन नाय कळली का झोप येती."

मी त्याच कंपनीत प्रशासनात. आमची ओळख झाली ती माझ्या पिशवीची झडती घेताना. शनिवारी दुपारी सुटल्यावर मी थेट बाहेर पक्षी बघायला जाणार होतो म्हणून पिशवीत दुर्बीण आणि पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक होतं. दुर्बिणीकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. पुस्तक उघडलं, बोट ओलं करून पान उलटलं आणि थांबले.

"साहेब, ह्यो तर आमच्या माळावर असतो."

"धाविक?"

"धाविक म्हणत्यात व्हय याला?" त्यांनी जरा विचार केला. "नाव बरं दिलंय. पळतोच त्यो."

मग एकेका चित्रावर बोट ठेवत सुटले. "ह्यो हाय. ह्यो हाय. ही पखुर्डी, ही पाण्याला येती सकाळच्याला, टायमाची लई पक्की. ह्यो दिवाळीनंतर येतो. ह्यो माझ्या बापाच्या टायमाला व्हता, आता नाय." माझ्या मागे स्कूटरींची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मला मंडळात सहा वर्षं झाली होती, मी मंडळाचा सचिव होतो, आणि या माणसाने बोट ठेवलेल्यांपैकी निम्मे पक्षी मी पाहिलेही नव्हते. खरं सांगायचं तर कौतुक नंतर वाटलं. आधी पोटात दुखलं.

पुढच्या रविवारी मी मंडळाला त्यांच्या माळावर घेऊन गेलो. त्यांच्या गावाच्या मागे तो पसरला होता. गावाचं गायरान. गुडघ्याएवढं गवत, मधून मधून दगड, चारदोन बोरी-बाभळी आणि एक जुना मातीचा बांध. आमची शेती बिडकीनकडची. आम्ही शेतकऱ्यांची पोरं असं अभिमानाने म्हणतो, पण शेतकऱ्याच्या डोळ्याला माळ म्हणजे पडीक, नांगर न लागलेली आळशी जमीन. मला तिथे बघण्यासारखं काही दिसेना. आम्ही दहाबारा जण टोप्या, जाकिटं, गळ्यात दुर्बिणी अशा थाटात गाड्यांतून उतरलो आणि झपाझप चालायला लागलो. मामा काठी टेकून जागीच उभे राहिले.

"कामून पळता? बसा."

"बसायचं?"

"घाई असंल तर सिद्धार्थ गार्डनला जावा. तिथं पिंजऱ्यात समदं हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढे मंडळात ते इतकं रुळलं की कुणी ऑफिसात जरी गडबड करायला लागलं तरी आम्ही त्याला सिद्धार्थ गार्डनला पाठवायचो. त्या दिवशी मात्र आम्ही मुकाट बसलो. तास गेला. आणि मग माळ हळूहळू हलायला लागला. जो दगड वाटला होता तो चालायला लागला, ढेकूळ उडून गेलं, आणि आमच्या चढत्या आवाजात एकेक नाव निघायला लागलं. मामा तोंडावर हात ठेवून सगळ्यांना गप्प करत होते.

उठून निघालो तेव्हा देशमुख सर पुढे होते. सर म्हणजे मंडळाचे संस्थापक, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आमच्यातले सगळ्यांत ज्ञानी आणि सगळ्यांत कडक. मामांनी एकदम काठी आडवी धरली. सरांचा उचललेला बूट हवेत राहिला. त्याच्याखाली, उघड्या जमिनीवर, टिटवीची चार अंडी होती. मातीच्या रंगाची. सर तशा अवस्थेत, एका पायावर, म्हणाले, "वा!" आणि सगळ्यांनी कॅमेरे काढले. मामांनी दोन्ही हात पसरले. "फोटू नको. तिची बसायची वेळ झालीय. ऊन चढतंय. चला." फोटो न काढता मंडळ पुढे गेलं, असं पहिल्यांदाच घडलं असावं.

आता आमच्या मंडळाचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सहल संपली की डबे उघडायच्या आधी सगळे झाडाखाली गोल बसतात आणि यादी होते. एकेक जण पाहिलेल्या पक्ष्याचं नाव घेतो. पण एकट्याने पाहिलेला पक्षी यादीत जात नाही. नाव घेतल्यावर सर विचारतात, "दुसरा कोण?" आणि ज्याने तोच पक्षी पाहिला असेल त्याने म्हणायचं, "मीही." मग सचिव ते नाव वहीत उतरवतो. सरांनी हा नियम घातला तो बढाया मारणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून. फोटो नसला तरी चालेल, पण दोन माणसांचे डोळे हवेत. "मीही" म्हणणं ही आमच्यात शपथ समजली जाते.

लिंबाजीमामांना हा नियम इतका पटला की ते आमच्यापेक्षा कडक झाले. एका हिवाळ्यात आमची दिवसभराची मोजणी होती आणि संध्याकाळी यादी नव्व्याण्णववर अडली. शंभर व्हावेत म्हणून सगळे कासावीस. शबाना टीचरला सकाळी एक शिक्रा ओझरता दिसला होता. तिने नाव घेतलं, सर म्हणाले, "दुसरा कोण?" आणि मी म्हणालो, "मीही." मी शिक्रा पाहिला नव्हता. शंभर झाले, टाळ्या पडल्या, डबे उघडले. मामा माझ्याशेजारी भाकरी मोडत होते. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाले, "साहेब, कंच्या झाडावर व्हता त्यो?" मी हसलो. ते हसले नाहीत. "तुमी तवा माझ्यासंगं व्हता," एवढंच म्हणाले आणि चटणी पुढे सरकवली.

दुसऱ्या एका सहलीत त्यांनी स्वतः गरुड बोट करून दाखवला, तिघांनी पाहिला, सरांनी जात सांगितली, मी लिहायला लागलो तर मामाच म्हणाले, "थांबा. मला त्याची शेपटी नीट दिसली नाय. माझं नाव लावू नका." त्यांच्या नावाने काही अडलं नव्हतं. तिघं होते साक्षीला. पण नाही म्हणजे नाही. सर मला नंतर म्हणाले, "जाधव, या माणसाला मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे उभं करायला हवं होतं." त्या वर्षी मंडळाने मामांना एक जुनी दुर्बीण भेट दिली. ती ते गळ्यात घालत, पण आधी नुसत्या डोळ्यांनी बघत आणि मग दुर्बिणीने खात्री करत. आमचं बरोबर उलट होतं. दुर्बिणीशिवाय आम्हाला काही दिसतच नव्हतं.

मग झाडांचं निघालं. निघालं म्हणजे काय, मीच काढलं.

कंपनीला कुठेतरी मोठं वृक्षारोपण करायचं होतं आणि जागा हवी होती. आमच्या प्लँटचे मोठे साहेब बैठकीत म्हणाले, "जाधव, तुम्ही निसर्गातले माणूस. तुम्ही बघा." सगळ्यांच्या देखत. मला नोकरीत पंधरा वर्षं झाली होती आणि तोवर मोठ्या साहेबांनी माझं नाव नीट घेतलेलं मला आठवत नाही. मी त्याच दिवशी मामांच्या गावाचा माळ सुचवला. गाव खूश, ग्रामपंचायत खूश. पडेगावच्या रोपवाटिकेत करंज, कडुलिंब, गुलमोहर यांची रोपं सांगून ठेवली. जेसीबी ठरला. पाहुणे ठरले. फलकाचा मजकूर मी स्वतः लिहिला आणि त्यात खाली आमच्या मंडळाचंही नाव घातलं.

मामांना मी गेटवर सांगितलं. वाटलं होतं आनंद होईल.

"माळावर झाडं?" ते म्हणाले. "माळाला काय झालंय?"

मी त्यांना प्राणवायू, सावली, वाढतं ऊन सगळं समजावलं. मी चांगलं समजावतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "सावली झाडाखाली असती साहेब. पखुर्डी झाडाखाली नाय अंडं घालत. धाविक नाय. मेंढरू झाडाखाली चरत नाय. झाडं लावायची तर लावा की, रस्त्याच्या कडंला लावा, शाळंपाशी लावा, लई जागा हाय. इथं कामून?"

मी म्हणालो, "आता ठरलंय मामा."

ते माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. सुट्टीच्या दिवशी सिटी बस पकडून शहरात सरांच्या घरी गेले. सरांनी मला बोलावून घेतलं. सर पेचात पडले होते. मंडळाचं नाव फलकावर गेलं होतं, पण मामांचं म्हणणं त्यांना पटत होतं. शेवटी ते म्हणाले, "असं करू. या रविवारी शेवटची यादी करू. माळावर खरोखर दुर्मीळ असं काही निघालं तर मी स्वतः तुमच्या साहेबांना भेटून जागा बदलायला सांगेन. ते ऐकतील, त्यांना नाव खराब नको असतं. काही नाही निघालं, तर मग कुठल्या तोंडाने अडवणार?" मामांनी मान हलवली. यादीचा निवाडा त्यांना मान्य होता.

तो रविवार श्रावणातला होता. गवत कमरेपर्यंत आलं होतं आणि पहाटे पाऊस शिंपडून गेला होता. सरांनी आम्हाला जोड्या पाडून माळावर पांगवलं. मामांच्या जोडीला मी. आम्ही बांधावर बसलो. मामा नेहमीपेक्षा ताठ बसले होते. मी फोनवर जेसीबीवाल्याचे निरोप बघत होतो. तेवढ्यात त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि मी दुर्बीण काढून डोळ्यांना लावली.

समोर शंभर पावलांवर, गवताच्या वर, एक पक्षी सरळ उभा उडाला. काळी मान, काळं पोट, पंखावर पांढरं. हवेत क्षणभर पंख फडफडवले आणि पाय ढिले सोडून होता तिथेच खाली गेला. तणमोर. पावसाळ्यात नर असा गवतातून उड्या मारतो, मादीने बघावं म्हणून. पुस्तकात मी हे कैकदा वाचलं होतं. आमच्या मंडळात कुणी आयुष्यात तणमोर पाहिला नव्हता. सरांनीसुद्धा नाही.

"दिसला?" मामांनी कुजबुजत विचारलं.

"कुठे?" मी म्हणालो.

हे मी ठरवून म्हणालो का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ठरवायला वेळच नव्हता. पण तोंडातून जे आलं ते माझंच होतं. फलक, पाहुणे, मोठ्या साहेबांचा चेहरा, सगळं त्या एका शब्दात बसलं.

मामांना वाटलं मी भलतीकडे बघतोय. ते माझ्या मागे आले, माझे दोन्ही खांदे धरून मला हळूच वळवलं आणि माझ्या गालाशेजारून हात लांब केला. "त्ये बोरीचं झुडूप. त्याच्या डाव्या अंगाला. जरा दम धरा."  तणमोर पुन्हा उडाला. दुर्बिणीची गरजच नव्हती.

"आता?"

"नाही हो मामा. नुसतं गवत दिसतंय."

तो आणखी एकदा उडाला. या खेपेला मामांनी विचारलं नाही. त्यांनी दोन्ही डोळे मुठींनी चोळले आणि परत बघितलं.

बाभळीखाली गोल झाला. वही माझ्या मांडीवर होती. नेहमीची नावं झाली, मी लिहीत गेलो. मामा सगळ्यांत शेवटी बोलले. "तणमोर."

 शबाना टीचर म्हणाली, "या अल्लाह! सच में, मामा?" सर पुढे वाकले. त्यांचा आवाज बदलला होता. "दुसरा कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.

"जाधव, तू तिथेच होतास ना? तुला काय दिसलं?"

"काही नाही, सर."

सरांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. "लिंबाजीराव, तित्तर असेल का?"

"तित्तर उडी मारत नाय, सर." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, माझी बाजू घेतल्यासारखं म्हणाले, "साहेबांनी लई बघितलं. मी दोनदा दावलं. त्यांची दुर्बीण माझ्यापरीस भारी हाय. त्यांना नाय दिसला म्हंजी मलाच भास झाला आसंल. नका लिहू. नेमात बसत नाय."

मी लिहिलं नाही. यादीखाली रेघ मारली आणि तारीख घातली. त्या वहीत त्या पानावर माझी सही आहे.

चार दिवसांनी माळावर जेसीबी फिरला. खड्ड्यांच्या रांगा पडल्या, गवत रोपांना त्रास नको म्हणून कापून काढलं, मांडव उभा राहिला. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, त्याचा फोटो कंपनीच्या पत्रकात आला. मामांची त्या दिवशी तिथेच ड्युटी होती, गाड्या लावून घ्यायला. त्यांनी दिवसभर बूट घातले होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित स्वतःशी काहीतरी जुळवून घेतलं असतं. गवत पुन्हा येतं, एक पक्षी दुसरीकडे जातो, असली वाक्यं मला भरपूर येतात. पण मामा त्या दिवसापासून बदलले. पुढच्या सहलीत एका नव्या सभासदाने लांबचा पक्षी दाखवून विचारलं, "मामा, तो कोण?" तर म्हणाले, "सरांना इचारा. माझे डोळे आता धड नायत." नंतर गोलात त्यांनी नावं घेणंच सोडलं. कुणी नाव घेतलं आणि त्यांनीही तो पाहिलेला असला, तरी "मीही" म्हणत नसत. एका रविवारी त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून सरांच्या हातात दिली. "ज्याला दिसतं त्याला द्या." सरांनी परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. शहरात येऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. मामांना वाटलं, डॉक्टर लपवतायत.

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, कंपनीच्या कसल्याशा कागदावर सही घ्यायला. मामा बाहेर गेले होते. गयामावशी, त्यांची बायको, चहा ठेवता ठेवता बोलायला लागली. "तुमचा मामा तिकडल्या टेकाडावरून मेंढरं मोजायचा, साहेब. एक कमी असलं तरी सांगायचा. आता वाघरीच्या जाळीच्या तोंडाशी उभा ऱ्हातो आन् एकेकीच्या पाठीला हात लावून मोजतो. दीर हसतात. मी म्हणते, दिसतंय की तुमाला सगळं! तर म्हणतो, दिसल्यावानी वाटतं, खरं नसतं. कायचं याड घेतलंय काय की."

मी चहा अर्ध्यावर सोडून उठलो. त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं, तिलाच निदान. मी कागद तिथेच ठेवून आलो. मग पाऊस गेला, हिवाळा गेला. मी मंडळाच्या सचिवपदाचा राजीनामा दिला, कामाचा ताण हे कारण सांगून. सगळ्यांना वाटलं मोठेपणाने जागा सोडली.

शेवटी गेलो ते उन्हाळ्यात. सकाळचे साडेआठ झाले असतील, पण ऊन तापलं होतं. मामा घरी नव्हते, माळावर आहेत असं कळलं. गाडी बांधाशी लावून चढलो. आमच्या फलकाचे नुसते खांब उरले होते. पहिल्या वर्षी कंपनीचा टँकर येत असे, नंतर तो बंद झाला, आणि बहुतेक रोपं जागच्या जागी काटक्या होऊन उभी होती. बांधाच्या सावलीला लागून थोडी तगली होती. तिथे मामा होते. दोन प्लास्टिकचे कॅन घेऊन विहिरीवरून पाणी आणून एकेका आळ्यात ओतत होते.

"मामा, तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्ही तर झाडं नको म्हणत होता."

"लावली तवा नको म्हणत व्हतो," ते म्हणाले. "आता लावलीत. त्यांनी काय आमाला लावा म्हणलं व्हतं?"

 त्यांनी तब्येत विचारली, सरांची विचारली, शबानाबाईंची विचारली. कॅन तिरपा करून पुढच्या आळ्यात पाणी सोडलं. मी त्यांच्या पाठीकडे बघून बोललो, तोंडाकडे बघून बोलायची छाती झाली नाही.

"मामा, त्या दिवशी तणमोर मला दिसला होता."

ते वळले नाहीत. आळं भरलं, पाणी बाहेर यायला लागलं, जमिनीवरून माझ्या बुटांपर्यंत आलं, तरी कॅन तसाच तिरपा होता. तो रिकामा झाल्यावर त्यांनी खाली ठेवला.

"किती बारी?"

"तीन."

ते माळाकडे बघत राहिले. बोरीचं ते झुडूप जेसीबीत गेलं होतं, पण ते जिथे होतं तिथेच त्यांची नजर लागली होती. ओठ हलत होते. मोजत होते ते.

"चार," ते म्हणाले. "पयल्या बारीला तुमी दुर्बीण काढत व्हता."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला, पूर्वी आम्हाला गप्प करायला करत तसा नाही, एखाद्या अनोळखी माणसाला गेटवर थांबवावं तसा.

"तवा बोलायचं व्हतं, साहेब."

एवढंच. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं असं काहीही त्यांनी केलं नाही. ते वाकले आणि दोन्ही कॅन उचलले. मी एक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच. पावसाळ्यात ते गेले आणि शबाना टीचरचा तो फोन आला. त्या उन्हाळ्यातल्या सकाळी, कॅन उचलल्यावर, ते विहिरीच्या दिशेने उतरत गेले, सावकाश, वहाणांचा आवाज करत. उतारावर अर्ध्यात ते एकदम थांबले. मान वर झाली. कॅन हातात तसेच धरून, डोळे बारीक करून, लांब, जिथे थोडं जुनं गवत अजून उरलं होतं तिकडे बघत राहिले. पुष्कळ वेळ. मीही तिकडे बघितलं, मला नुसतं ऊन दिसलं. मग त्यांनी स्वतःशीच मान हलवली आणि खाली उतरून गेले. काय दिसलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.